मी कुणाची वकील?

हसनाबादहून एसटीनं जालन्याला निघाले तेव्हा पिशवीत २०१५ चा बाल न्याय कायदा होता, नवा शिवलेला काळा कोट होता आणि एक कोरं वकीलपत्र. माझी ही पहिलीच नेमणूक. विधी सेवा प्राधिकरणाचं पत्र आलं होतं: बाल कल्याण समितीसमोर एका अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीनं उभं राहायचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लहान मुलांना वकील मोफत मिळतो, घरच्यांचं उत्पन्न बघत नाहीत, एवढं पाठ होतं. पण वकीलपत्रावर सही कोणाची घ्यायची? पक्षकार तर अज्ञान. आजीची घ्यावी की काकाची? जालना आलं तरी उत्तर सापडलं नव्हतं.

मुलीचं नाव, गाव, शाळा मी सांगणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची तशी सक्त मनाई आहे, आणि ती नसती तरी सांगितलं नसतं. आईवडील पाठोपाठ गेले, ती काकाकडे राहू लागली. दसऱ्यानंतर शाळेत दिसेना. कापूस वेचायला जाते हे कळल्यावर गुरुजींनी १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन लावला.

व्हरांड्यात आजीनं माझा हातच धरला. "हसनाबादची ना तू? मग आमचीच लेक हायेस. माझ्याकडून बोल, बाई." काकांनी बाजूला घेऊन शंभराचा बॉन्ड दाखवला. दत्तकपत्र. खाली आजीचा अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या. "वकीलसाहेब, समदं कायदेशीर केलंय." मामा लांब खांबाला टेकून उभे होते, ते काहीच बोलले नाहीत.

तो कागद बघून मला हायसं वाटलं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल दत्तक देण्याचा अधिकार आईबापाचा. दोघंही नसतील तर पालकाचा, पण त्यालाही आधी कोर्टाची परवानगी लागते. इथं परवानगी नव्हतीच. हे मांडलं की संपलं, असं मी धरून चालले. बापाची तीन एकर जमीन मुलांच्या नावावर लागलेली, सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणून काका. अज्ञान पालनकर्ता. चांगल्या शिकलेल्या माणसांनाही वाटतं की मूल दत्तक घेतलं की त्याची जमीनही आली. येत नाही. दत्तक जाण्याआधी मुलाची झालेली मालमत्ता दत्तक गेल्यावरही त्याचीच राहते. हे आमच्या पट्ट्यात चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवायला हवं.

आत उंच डायस नव्हता, पिंजरा नव्हता. साधं टेबल, त्यामागे अध्यक्ष आणि सदस्य. अधिकार मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. मी बॉन्डबद्दल सगळं धडाधडा सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर आहे. पण तुमच्या पक्षकाराचं म्हणणं काय आहे?"

मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

अर्धा तास मागून घेतला. बाहेर बाकावर ती आजीच्या पदराआड सरकली, नजर माझ्या कोटावर. पोलीस समजली असावी. मी कोट काढून पिशवीत कोंबला, आजीला थोडं लांब बसायला सांगितलं. बराच वेळ आम्ही नुसत्या बसून होतो. तिचे हात मांडीवर होते. वाळलेल्या बोंडांची टोकं लागून नखांच्या कडांना चिरा पडलेल्या, काही काळ्या झालेल्या, एक ताजी. मी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, "पाण्यात घातल्यावर."

मग हळूहळू बोलली. काकाकडे की आजीकडे, याचं तिला फारसं नव्हतंच.

"माझा भाऊ मामाकडं हाये. सहा वर्षांचा. आम्हाला एका ठिकाणी ठेवा."

फाईल मी दोनदा वाचली होती. त्यात भावाचा उल्लेख कुठेच नव्हता. तो कापूस वेचत नव्हता, म्हणून त्याच्याबद्दल कुणी फोन केला नव्हता. मीही सातबाऱ्यात 'मुलांच्या' असं वाचून पुढे गेले होते.

आत जाऊन मी तिचंच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. समितीनं पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवला: दोन्ही मुलांचा, आणि आजी, काका, मामा तिन्ही घरांचा. काकांनाही नीट समजावलं की नातेवाइकाला रीतसर दत्तक घेता येतं. बाल न्याय कायद्याच्या वाटेनं गेलात तर १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची स्वतःची संमती लागते. काका मुलीकडे बघत राहिले. तिला विचारायचं असतं, हे त्यांना खरंच माहीत नसावं. मला तरी सकाळी कुठे माहीत होतं?

वकीलपत्र कोरंच राहिलं. नेमणुकीचं पत्र पुरतं, असं लिपिकानं सांगितलं.

निघताना मुलीनं विचारलं, "तारखेला तो येणार ना, ताई?" येणार, म्हटलं, समितीनं बोलावलंय. तिनं माझं पेन मागून घेतलं आणि चिरा चुकवत तारीख तळहातावर लिहिली.