एका गाईचं खत

कापूस आणि तूर करण्यात माझी चाळीस वर्षं गेली, पण भाजीचा वाफा मी कधी केला नव्हता. गरजच पडली नाही. सरकी टोबताना बाया चार दाणे चवळीचे, चार अंबाडीचे टाकत. पऱ्हाटीच्या तासात वाळकं लागत. भाजी वावरातूनच घरी यायची.

2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. त्या हंगामात माझ्याही पाठीवर पंप होताच. बातमी आली त्या दिवशी घरात अंबाडीची भाजी शिजली होती. हिनं ती कोणाच्याच ताटात वाढली नाही. म्हणाली, "वावरातली भाजी आता घरात आणाची नाही." नात तेव्हा चार वर्षांची होती. बाजारातल्या भाजीवर काय मारलं, तेही कोण सांगणार?

सूनबाई म्हणाली, "मामाजी, सांदवाडी रिकामीच पडली हाये. तिथंच लावू ना भाजी."

सांदवाडी होती, पण जमीन मुरमाड. खत पाहिजे, अन् बैल तर आदल्याच साली विकले होते. दावणीला एक गाय उरली. पूर्वी खताचा उकिरडा वर्षभरात डोंगराएवढा व्हायचा. एका गाईच्या शेणात काय भागणार?

तेव्हा नाडेप पद्धत आठवली. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पंढरीपांडे यांनी ती बसवली, त्यांच्या नावावरूनच 'नाडेप'. तिची खुबी अशी की शेण लागतं थोडं, काडीकचरा जास्त. बैलांच्या गोठ्याची भिंत पडली होती. तिच्याच विटा काढून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकं बांधलं. हवा खेळावी म्हणून भिंतीत भोकं ठेवली.

फाल्गुनात भरायला घेतलं. तळाशी तुरीचं अन् सोयाबीनचं कुटार, पालापाचोळा, पऱ्हाटीच्या बारीक काड्या, असा अर्धा फूट थर. जाड बुडखे चुलीसाठी ठेवले. त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडलं. मग चाळलेली माती. पुन्हा काडीकचरा. असे थर टाक्याच्या वर दीड फूट नेले आणि शेणमातीनं लिंपून टाकले. सगळं मिळून शेण लागलं शंभर किलोच्या आत. गाईनं ते दोन आठवड्यांत दिलं.

वीस दिवसांत ढीग खाली बसला. पुन्हा थर भरले, पुन्हा लिंपलं. भेग पडली की सूनबाई बुजवायची. ओल पाहायची तर आतला मूठभर कचरा दाबायचा. हात ओला व्हावा, पण धार लागू नये. धार लागली तर ते सडतं, वास मारतं. मी लोखंडी सळई आत खुपसून ठेवली होती. बाहेर काढली तर हाताला चटका बसे. नातीला त्याचं भारी नवल. "आबा, आत चूल हाये का?"

आषाढात टाकं फोडलं. आत काळंभोर, भुसभुशीत खत. शेणाचा वास नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा.

वाफे तीन फूट रुंद केले, म्हणजे पाय न देता मधोमध हात पोचतो. मेथी, पालक, संबार, मुळा, वांगी, भेद्रं. न्हाणीचं पाणी अळूला वळवलं. चवळीवर मावा आला तेव्हा अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, गाळून दहा लिटर पाणी केलं आणि तेच फवारलं. त्या फवाऱ्याजवळून नातीला हाकलावं लागलं नाही.

वावरातल्या कपाशीवर अजून औषध मारावं लागतं, ते काही सुटलं नाही. पण घरातल्या पाच माणसांची भाजी त्यातून सुटली.

मागच्या फाल्गुनात शेजारचा पऱ्हाटी पेटवायला निघाला होता. टाकं पाहून थांबला. त्याचेही बैल गेलेले. "भाऊ, शेण कुठून आणलं?"

म्हटलं, "एक गाय पुरते बावा. तू काडी पेटवू नको, एवढंच कर. विटा हायेत माझ्याकडं."