वंगण

जगातील पुष्कळशी महत्त्वाची कामे डोळ्यांआड चाललेली असतात, आणि ती सुरळीत चालली आहेत तोवर त्यांची आठवण कोणासही होत नाही. गृहिणीच्या श्रमांविषयी हे जितके खरे, तितकेच मोटारीच्या सांध्यांविषयीही खरे आहे. दसऱ्यास आपण मोटारीला झेंडूची माळ घालतो, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखतो; परंतु खाली वाकून चाकामागे काय चालले आहे हे पाहण्याची बुद्धी शंभरांत एखाद्यासच होते.

शहापूर-मुरबाडच्या मुलखास वंगणाची महती काही नवी नाही. बैलगाडीच्या दिवसांत चाकाच्या तुंब्यात वेळेवर तेल गेले नाही, म्हणजे गाडी दिसण्यापूर्वी तिचा करकराट ऐकू येई, आणि तो करकराट म्हणजे गाडीवानाच्या आळसाची दवंडीच असे. पुढे मोटारी आल्या. अम्बॅसडर व प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांत इंजिनाची गती मागील चाकांना मिळे. पुढील चाकांकडे केवळ वळण्याचे काम. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि ओढणे व वळणे ही दोन्ही कामे पुढील चाकांवरच घालण्याची रीत आपल्याकडे रूढ होऊ लागली.

एकाच चाकाने फिरावयाचे आणि त्याच वेळी वळावयाचेही, हे साधावे कसे? साध्या सांध्याने दांडा वाकवला, तर प्रत्येक फेऱ्यात त्याची गती कमीजास्त होते व गाडीस हिसके बसतात. आल्फ्रेड शेप्पा नामक अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत यावर तोड काढली. दोन पोलादी वाट्यांमधील खोबणींत सहा गोळ्या बसवावयाच्या, आणि दांडा कितीही कलला तरी त्या गोळ्या नेहमी कोनाच्या बरोबर मध्यावर राहतील अशी योजना करावयाची. मग गती जशी आली तशी पुढे जाते. या गोळ्यांभोवती काळे ग्रीस असते आणि त्यावर पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी बूट असतो. बूट शाबूत आहे तोवर सांधा वर्षानुवर्षे काही मागत नाही. बूट चिरला, की फिरत्या दांड्याच्या वेगाने ग्रीस बाहेर उडते आणि त्याची जागा चिखल-पाणी घेते.

हे सर्व आम्हांस केवळ पुस्तकी कुतूहलाचे राहिले नाही, याचे कारण आमची आत्या. ती मुरबाड तालुक्यातील एका खेड्यात राहते, आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी कल्याणास न्यावे लागते. आम्ही शहापुराहून किन्हवली, सरळगाव करीत तिच्याकडे जातो आणि तिला घेऊन पुढे कल्याण गाठतो. भर पावसात, शेते व रस्ता एकच झालेले असताना, गाडी वाटेत बसली तर केवळ खोळंबा होऊन भागणार नाही. उपचाराचा एक दिवस हुकणेही तिच्या जिवावर बेतू शकते.

गेल्या ज्येष्ठात आम्ही पुढील चाके पूर्ण वळवून आत पाहिले, तो एका बुटाच्या घडीत बोटाच्या पेराएवढी चीर, आणि चाकाच्या आतील कडेस काळ्या ग्रीसचे शिंतोडे! एका मोठ्या कारखान्यात "अख्खा ॲक्सल बदला" असा निकाल मिळाला. मुरबाडच्या रस्त्यावरील एका मेकॅनिकने मात्र आधी विचारले, "काका, वळताना कटकट आवाज येतो का?" आम्ही नाही म्हणताच तो उद्गारला, "मग जॉइंट जिवंत आहे. बूट नवा घालू, ग्रीस भरू. पण मिरगाच्या आत करा."

त्याने गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम घोडी लावली, आणि मगच तिला हात घातला. दांडा बाहेर काढून सांधा सुटा केला, जुने ग्रीस पुसले, एकेक गोळी रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडी केली आणि उजेडाकडे धरून खड्डा वा ओरखडा नाही याची खात्री केली. मग मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस, तेही बुटासोबत मोजून आलेले तेवढेच, गोळ्यांमध्ये दाबून भरले. "कुठलंही ग्रीस चालत नाही, आणि जास्त भरलं तरी बूट फुगतो," असे तो म्हणाला. दोन्ही पट्टे आवळून झाल्यावर त्याने आत्याकडे पाहून विचारले, "आजी, गुरुवारची खेप आहे ना?" त्या दिवसापासून एकही खेप चुकलेली नाही.

त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत हात काळे होणे हे कमीपणाचे मानण्याची खोड फार जुनी आहे. मुलगा अभियंता व्हावा असे वाटते, परंतु त्याच्या नखांत ग्रीस दिसू नये! ज्या ज्ञानावर आपल्या माणसांचा जीव सोपविलेला आहे, त्याची इतकी शिसारी बाळगणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की दर पावसाळ्यापूर्वी चाके वळवून बुटाच्या घड्या बोटांनी उलगडून पाहाव्यात. ग्रीसचे शिंतोडे दिसले तर त्याच आठवड्यात बूट बदलावा. वळताना कटकट ऐकू आली तर सांधा झिजला असे समजावे, तेथे नुसत्या ग्रीसने भागत नाही. आणि हे पाहताना घरातील मुलामुलींस जवळ बसवावे. त्यांचे हात मळले तर मळू द्यावेत. साबण घरोघरी असतोच.