उरणला भाव आला

मुंबईत कुणी ओळखीचं भेटलं की हल्ली खुशाली बाजूला राहते. आधी विचारतात, "तुमच्याकडे स्क्वेअर फुटाला काय चाललंय?" 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं, खारकोपरला येऊन थांबलेली लोकलही त्याच दिवशी उरणपर्यंत आली, आणि मोरा कुठे नि करंजा कुठे हेही ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना उरणचं भविष्य माझ्यापेक्षा स्वच्छ दिसायला लागलं. कुणी म्हणतं दुसरं अलिबाग होणार, कुणी म्हणतं तिसरी मुंबई. मी इथलाच आगरी. सगळी नोकरी एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, कंटेनरांची आवक-जावक लिहिण्यात गेली. मला विचाराल तर पैसेवाले उरणला राहायला येणार नाहीत. भाव मात्र येणार. आलाच आहे, आणि माणसं यायच्या आत तो घराघरात शिरलाय.

पैसेवाले का येणार नाहीत, ते एकदा उरण-पनवेल रस्त्यावर ट्रेलरच्या मागे अडकून बघावं. एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला वायू प्रकल्प, मध्ये सिलिंडर भरायचा कारखाना, बोकडविऱ्याला गॅसवर चालणारं वीजकेंद्र, आणि उरलेल्या जागेत एकावर एक रचलेले कंटेनर. 2019 साली गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वायू प्रकल्पात आग लागली आणि चौघांचा जीव गेला. दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाची तयारी चाललेली आणि लोक पोरांना उचलून घराबाहेर पळत होते. पिरवाडीचा किनारा आहे, नाही असं नाही. रविवारी गर्दीही होते. पण किनारा पाहून बंगला बांधणारा माणूस रेवसला उतरून पुढे अलिबागच्या वाटेला लागतो. आमच्याकडे राहायला येतो तो मुंबईत ज्याला परवडेनासं झालंय तो, नाहीतर बंदराच्या आधाराने पोट भरणारा.

सेतूचंच घ्या. जवळपास बावीस किलोमीटरचा पूल, आमच्या बाजूला चिर्ल्याला उतरतो. 2024 मध्ये सुरू झाला तेव्हा मोटारीला एका वेळचा टोल 250 रुपये होता. मोटारसायकल आणि रिक्षा यांना त्यावर बंदी. आमच्या गावातल्या शंभर कामगारांपैकी मोटार किती जणांकडे असेल, हे सांगायला जनगणना नको. माझ्या ओळखीचे कितीतरी जण अजून मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जातात. मोऱ्याच्या गाळात ओहोटीला लाँच लागत नाही म्हणून भरतीचं वेळापत्रक पाठ असणारी आमची पिढी. सेतू चांगला झाला, मीही मुलाच्या गाडीतून गेलो, छाती भरून आली. पण तो उरणकरांना मुंबईला न्यायला बांधलाय असं मला त्यावरून जाताना वाटलं नाही. लोकलचं तसं नाही. गाड्या कमी असल्या तरी ती आमची वाटते. नेरूळ-बेलापूरच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलींनी ती पहिल्या महिन्यातच आपली करून टाकली.

आता जमिनीचं. हे बाहेरच्यांना समजावून सांगताना मला नेहमी मागे जावं लागतं. एखाद्या वस्तीचं रूप पालटताना जे शेवटी घडतं, म्हणजे मूळ माणसाच्या हातून जमीन जाणं, ते आमच्याकडे सगळ्यात आधी घडून गेलं. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा आराखडा पडला. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 तारखेला जासई आणि नवघर-पागोटे भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. मी तेव्हा शाळकरी पोर. वडील घरी आले नव्हते, आई धाकट्या बहिणीला घेऊन सकाळीच जासईला गेलेली, आणि मला घर सांभाळायला ठेवलेलं. संध्याकाळी आई परतली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी कापून हातात पडतात पावणेनऊ. लोक म्हणतात आगऱ्यांना लॉटरी लागली. शंभर गुंठ्यांतले पावणेनऊ गुंठे परत मिळायला निम्मं आयुष्य वाट पाहायची, याला लॉटरी म्हणायचं असेल तर लागली बुवा.

आमच्या वाट्याचा भूखंड द्रोणागिरी नोडमध्ये निघाला. वडील आणि दोन काका. सेझची, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राची, हवा होती ते दिवस. रोज कुणीतरी पांढऱ्या गाडीतून यायचा आणि कालच्यापेक्षा वरचा आकडा सांगायचा. काकांनी घाई केली, वडिलांचं त्यांच्यापुढे चाललं नाही, त्रिपक्षीय करार झाला आणि भूखंड गेला. पैशातून एक लग्न, एक जीप आणि देवळाला कळस एवढं झालं. सेझ पुढे बारगळलं. त्या भूखंडावर आज सात मजली इमारत आहे. रात्री तिथून जाताना मी खिडक्या बघतो. निम्म्याहून अधिक काळोख. फ्लॅट विकले गेलेत, मालक घाटकोपर, मुलुंड, कुठेकुठे. घेऊन ठेवलेत. दिवे लागतात तिथे चार-चार पोरं मिळून भाड्याने राहतात, बहुतेक सगळी क्लिअरिंग एजंटांकडे किंवा यार्डात कामाला.

कोळ्यांना तर एवढंही मिळालं नाही. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि लोकांना हनुमान कोळीवाड्यात आणून बसवलं, तिथली घरं वाळवीने पोखरली. माझा एक शाळासोबती तिथला. तो म्हणतो, "तुमचा निदान सातबारा व्हता. दर्याचा सातबारा कोन देनार?" जाळं टाकायची जागा गेली, चिंबोऱ्या-निवट्यांच्या खाडीत भराव पडला, आणि विकायला हातात कागद नाही. वस्ती महाग झाली तर ज्याच्याकडे कागद आहे तो निदान भांडू तरी शकतो. कोळ्याने कशाच्या जिवावर भांडायचं?

आमच्याकडे आता उरलंय ते गावठाणाला लागून असलेलं घर आणि मागची आठ खोल्यांची चाळ. सरकारी भाषेत गरजेपोटी बांधलेलं बांधकाम. कुटुंब वाढलं होतं, गरज होतीच; पुढे भाडंही यायला लागलं, तेही नाकारलं नाही. एका खोलीत जौनपूरचे तिघे ट्रेलर-चालक, पाळीपाळीने झोपणारे. एकीत बीडचं जोडपं, तो माथाडी, ती यार्डाच्या कँटीनमध्ये. सेतू झाल्यावर धाकट्या भावाने एका झटक्यात भाडं वाढवलं. मी विरोध केला असं सांगायला आवडलं असतं. मी गप्प बसलो. जौनपूरवाले राहिले, कारण तिघांत वाटून घेता येतं. बीडचा माणूस म्हणाला, "दादा, दिवाळीपर्यंत बघतो, मग करंजाडे बाजूला जातो." तिथून, म्हणजे पार पनवेलजवळून, रोज ट्रेलरांच्या गर्दीतून मोटारसायकलवर कामाला यायचं. बंदर इथेच, काम इथेच, आणि काम करणारा एकेक गाव मागे सरकत चाललाय. वस्ती पालटते म्हणजे नक्की काय होतं, ते मी माझ्याच अंगणात बघतोय. कॅफे नाही, बंगले नाहीत, आणि तरी माणसं निघालीच.

त्यात बिल्डर आला. चाळ पाडायची, पाच मजले चढवायचे, आम्हा दोघा भावांना दोन-दोन फ्लॅट, बाकीचं त्याचं. भाऊ तयार. अडलं हक्कसोड पत्रावर. वडील गेल्यावर बहिणीची सही घ्यायची राहून गेली होती. आमच्याकडे बहिणी साडी-चोळी घेऊन सही करतात, तोच रिवाज समजला जातो. 2005 च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय, हे वकील सोडून कुणी बोलत नाही. जमिनीला किंमत नव्हती तोवर ती सही मागावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बहीण पेणजवळ दिलेली. आम्ही दोघे गेलो, भावाने पेढे आणि साडी नेलेली. तिने साडी घडीसकट बाजूला ठेवली, चहा दिला, आणि माझ्याकडे बघून बोलली, भावाकडे नाही.

"दादूस, जासईला गोली चालली तवा आयचा पदर धरून कोन व्हता? तू घरान व्हतास. ह्यो तर पालन्यान."

भाऊ काहीतरी बोलणार, मी त्याला थांबवलं.

"मना फ्लॅट नको. खालचा एक गाला माझ्या नावावर करा. पोरीला शिलाईचं दुकान टाकून देते. गाला लिवून आना, सही करते."

परतीच्या वाटेवर भाऊ पूर्ण वेळ तावातावाने बोलत होता. सेतू झाला नसता तर ही वेळ आली नसती, हे त्याचं शेवटचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. मला मात्र बहिणीचा हिशेब चुकीचा वाटला नाही. उलट आमच्या घरात योग्य वेळी योग्य किंमत मागणारी पहिली व्यक्ती तीच. वडिलांना आणि काकांना ते जमलं नव्हतं.

वकिलाला मी गाळा लिहायला सांगितला. बिल्डर म्हणतो, गाळा देतो, पण तुमच्या वाट्याचा एक फ्लॅट कापून. माझी बायको त्यावरून माझ्याशी मोजकंच बोलते आहे, तेही चालवून घेऊ. मसुद्यात आणखी एक कलम घालायला सांगितलंय: भाडेकरूंना पावसाळा संपेपर्यंत उठवायचं नाही आणि प्रत्येक खोलीमागे सहा महिन्यांचं भाडं बिल्डरने द्यायचं. बिल्डरच्या माणसाचा फोन आला. गाळ्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. म्हणाला, "साहेब, तुमची घरची गोष्ट समजली. पण हे भाडेकरूंचं कशाला? ते असेही जाणारच आहेत." मी म्हटलं, जाणारच आहेत, तर लिहायला तुमचं काय जातं? नवा मसुदा अजून आलेला नाही.