उपास कधी सुटतो?

मराठीत न जेवण्यासाठी फार सभ्य शब्द आहेत. उपास, लंघन, पथ्य, एकभुक्त, निर्जळी. शिवाय 'आत्ताच खाल्लं', 'पोट जड आहे', 'तुम्ही बसा, मी नंतर घेते' ही वाक्यं आहेतच. त्यांची कुणी उलटतपासणी करत नाही. काही वर्षांपूर्वी हैदराबादमधल्या एका समुपदेशक मैत्रिणीनं पालकांसाठीचं दोन पानी इंग्रजी पत्रक मला मराठीत करायला दिलं. विषय होता खाण्याच्या विकारांच्या सुरुवातीच्या खुणा. ते करताना लक्षात आलं, की यातल्या बहुतेक खुणा आपल्या घरात सद्गुणांच्या नावानं वावरतात.

'जेवण टाळते' याला आपण म्हणतो 'उपास करते'. 'ठरावीक पदार्थ पूर्ण वर्ज्य करते' म्हणजे 'पथ्याची पक्की'. 'इतरांसाठी हौसेनं रांधते, स्वतः खात नाही' ही तर गृहकृत्यदक्ष. आणि मुलगा असेल, तर 'जिमचं फार मनावर घेतलंय' असं कौतुकानं सांगितलं जातं.

या विकारांची मूळ नावंही फारशी मदत करत नाहीत. 'अ‍ॅनोरेक्सिया' म्हणजे ग्रीकमध्ये भूक नसणं. आजाराला हे नाव मिळालं ते लंडनच्या विल्यम गल यांच्या १८७४ मधल्या लेखातून. पण निदान सुरुवातीला भूक बहुधा शाबूत असते. ती दाबण्यातच दिवस जातो. 'बुलिमिया' म्हणजे बैलाची भूक. त्यात मात्र चारचौघांतलं ताट आणि माणसाचं वजनही अगदी सर्वसाधारण दिसू शकतं. जे घडतं ते बंद दाराआड. पुढे १९९० च्या दशकात हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी दाखवून दिलं, की तिथल्या अनेक रुग्ण मुली 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं म्हणतच नाहीत. पोट फुगतं, भूक नाही, असं सांगतात. पाश्चात्त्य यादी हातात घेऊन त्या एका वाक्याची वाट पाहणाऱ्याला या मुली सापडल्या नसत्या.

मग खूण शोधायची कुठे? मला ती क्रियापदात सापडली. मराठीत उपास धरतात आणि सोडतात. संकष्टीचा चंद्रोदयाला, एकादशीचा द्वादशीला, श्रावणी सोमवारचा संध्याकाळी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं आपण स्वतःलाच चिडवतो ते उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस यांनी ते ताट भरलेलं असतं. उपासाला तिथी असते, सोबत असते आणि शेवट असतो. आजारातल्या उपासाचा शेवट पुढे सरकत राहतो.

त्या वर्षी माझी भाची शिकायला आमच्याकडे राहत होती. श्रावणात तिनं सोमवार धरले. मग शनिवारही. भाद्रपद सरला तरी दोन्ही चालूच. कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण ती म्हणायची, "मावशी, ढगात चंद्र दिसलाच नाही. आता उद्याच खाईन." खिचडी आमच्यासाठी करायची, दाण्याचं कूट चमच्यानं मोजून घालायची आणि स्वतःची वाटी ओट्यापाशी उभ्यानं 'संपवायची'. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून स्वेटर घालून बसायची. फोनवर ताई कौतुकानं म्हणे, "किती धार्मिक झालीय गं!" पाहुणे म्हणत, "बारीक झालीस, छान दिसतेस." एकेक गोष्ट क्षुल्लक होती. पण सगळ्या एकाच दिशेला चालल्या होत्या.

मी तिच्या वजनाचा विषय काढला नाही. निष्कर्ष सांगू नका, दिसलं ते सांगा, हे वाक्य पत्रकासाठी नुकतंच मराठीत आणलं होतं. एका रात्री एवढंच म्हटलं, "महिनाभरात तू आमच्याबरोबर एकदाही जेवायला बसली नाहीस. मला काळजी वाटते." ती चिडली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "मावशी, उपास सोडायची भीती वाटते, असं कुणाला होतं का?"

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तिची नाडी मंद होती, पाळी तीन महिने आली नव्हती. तरी बघणाऱ्याला आजारी वाटावी इतकी ती रोड नव्हती. मग मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, आणि रजा टाकून इथं येऊन राहिलेली ताई. अशा घरात माणसं विनवण्या करतात नाहीतर धमक्या देतात, हे पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी १८७३ मध्येच लिहून ठेवलंय. ताईनं दोन्ही करून पाहिलं. मग दोन्ही सोडून नुसतं शेजारी बसून जेवायला शिकली. दीड वर्ष लागलं. अजूनही श्रावण आला की आम्ही सावध असतो.

म्हणून घरात कुठलीही भाषा बोलणाऱ्या वाचकाला सांगावंसं वाटतं: वजन ही बऱ्याचदा उशिरा दिसणारी खूण आहे, आणि कधी ती दिसतही नाही. आधी बदलतात शब्द आणि वेळा. कारणं वाढतात, नियम वाढतात, एकत्र जेवण कमी होतं. जेवल्याजेवल्या न्हाणीघराचं दार लागतं. एखादा नियम मोडला की दिवसभर घालमेल होते. न खाण्याला आपल्या भाषेत कौतुकाचे कोणते शब्द आहेत, ते एकदा आठवून पाहावेत. खुणा बहुधा तिथेच लपलेल्या असतात.

आणि रोडपणाची वाट पाहत थांबू नये. ओळखीचे डॉक्टर असतील तर त्यांच्याकडे जावं. नसतील तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. त्यासाठी आजाराचं ग्रीक नाव माहीत असावं लागत नाही. 'तिचा उपास सुटत नाहीये' एवढं सांगितलं तरी सुरुवातीला पुरतं.