वारिओचा महाल

मागच्या वर्षी माझा मोठा भाऊ दुबईहून कायमचा परत आला. अठ्ठावीस वर्षांनी. खेड तालुक्यातल्या आमच्या गावात अशी माणसं परत येतात तेव्हा आठवडाभर घरात पाहुण्यांची रीघ असते, मग सगळे आपापल्या कामाला लागतात आणि आलेला माणूस पडवीत खुर्ची टाकून बसतो. भाईचंही तसंच झालं. नवव्या-दहाव्या दिवशी माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडून काहीतरी शोधत होता. खाली आला तेव्हा त्याच्या हातात आमचा जुना गेमबॉय होता.

हा गेमबॉय 1994 च्या सुट्टीत मामूंनी आणला होता. सोबत एकच कॅसेट, सुपर मारिओ लँड 2. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, भाई पंधराचा. गावात टीव्ही मोजक्या घरांत होते आणि वीज असली तर असायची. पण या यंत्राला विजेची गरज नव्हती. चार पेन्सिल सेल घातले की ते तासन्‌तास चालायचं. पडदा हिरवट, त्यात रंगाच्या जेमतेम चार छटा, आणि आतून उजेड नाही. म्हणून आम्ही दुपारभर पडवीच्या कडेला, ऊन जसं सरकेल तसे सरकत बसायचो. सेल उतरले की अम्मीच्या वाळत घातलेल्या आमसुलांशेजारी तेही उन्हात ठेवायचो. त्यातून अजून दहा-पंधरा मिनिटं निघायची.

हे यंत्र बनवणाऱ्या गुनपेई योकोई यांच्याबद्दल मी फार नंतर वाचलं. निन्टेन्डो ही क्योटोतली पत्ते बनवणारी जुनी कंपनी, 1889 सालची. योकोई तिथे कारखान्यातली यंत्रं सांभाळायला लागले होते आणि पुढे खेळणी बनवू लागले. त्यांचं म्हणणं असं, की नव्या महागड्या तंत्रामागे धावू नये. जुनं, स्वस्त, सगळ्यांना माहीत झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. गेमबॉय 1989 मध्ये आला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत, उजळ पडदे होते, पण ते सहा सेल काही तासांत खाऊन टाकायचे. आमच्यासारख्या घरात तसलं यंत्र आलं असतं तर दुसऱ्या दिवशीच कपाटात गेलं असतं.

आता त्या खेळाविषयी. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो.

पहिला सुपर मारिओ लँड गेमबॉयबरोबरच 1989 मध्ये आला होता. बारा टप्प्यांचा, छोटासा. त्यात मारिओ मुंगीएवढा दिसायचा आणि खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. 1992 चा दुसरा भाग सगळ्याच बाबतीत मोठा. मारिओ ठसठशीत, फिरायला नकाशा, आणि तीन जणांचा खेळ वेगवेगळा साठवायची सोय. पहिली जागा भाईची, दुसरी माझी.

गोष्ट अशी. मारिओ परमुलखात लढाईवर गेलेला असतो. तो नसताना वारिओ नावाचा लठ्ठ, मिशाळ माणूस त्याचा महाल बळकावून बसतो. महालाच्या दाराला सहा सोनेरी नाणी लागतात आणि ती वारिओने सहा प्रदेशांत सहा बॉसकडे ठेवलेली असतात. या खेळात कुठल्या राजकन्येला सोडवायचं नाही. आपल्याच घरात परत जायचं आहे.

कुठल्या प्रदेशात आधी जायचं ते आपण ठरवायचं. झाडाच्या प्रदेशात भला मोठा पक्षी. अंतराळात ततांगा, जो पहिल्या भागात शेवटचा बॉस होता आणि इथे नुसता सहांतला एक. तिथे मारिओ उडी मारतो ती हळूहळू तरंगत खाली येते, त्यामुळे आपला सगळा अंदाज चुकतो. एका घरात मारिओ किड्याएवढा होतो, तिथे पाइपांतून धावत येणारा उंदीर. भोपळ्याच्या प्रदेशात उकळत्या कढईची चेटकीण, आत्ता इथे दिसते, आत्ता तिथे. कासवाच्या प्रदेशात पाण्याखाली ऑक्टोपस. आणि सहाव्या प्रदेशात तीन डुकरं, एकामागून एक. ते तेवढं आम्ही अम्मीला कधी सांगितलं नाही.

मला सुरुवातीला वाटायचं की बॉस म्हणजे ताकदीचा मामला. भाईने वेगळं शिकवलं. पहिल्या खेपेला तो मारायला जायचाच नाही. नुसता कोपऱ्यात उभा राहून बघायचा आणि बहुतेक वेळा एक जीव घालवायचा. "बघ," म्हणायचा, "ती दिसण्याआधी थोडी थांबते. तेव्हाच जायचं." प्रत्येक बॉसची एक चाल असते आणि ती चाल तो मोडत नाही. ती कळली की डोक्यावर तीन उड्या पुरतात. मी आज शिक्षक म्हणून जे करतो ते जवळजवळ हेच आहे. पोरगं जोडाक्षरावर अडखळतं की मात्रेवर, हे आधी नुसतं ऐकायचं. बी.एड.ला याला निदान म्हणायला शिकवलं. शिकलो मात्र पडवीतच.

या खेळाचा एक नियम फार कडक. सगळे जीव संपून खेळ संपला की नुसता टप्पा हातचा जात नाही, मिळवलेली सगळी नाणी परत बॉसकडे जातात. सहाच्या सहा. पुन्हा प्रत्येकाशी लढायचं. आणि वारिओचा महाल असा, की लांबलचक वाटेत मध्ये कुठे थांबा नाही. मेलात की दारापासून सुरू. वाट संपली की वारिओ तीन खोल्यांत तीनदा भेटतो. पहिल्या खोलीत उड्या मारून छत हादरवतो, दुसऱ्या खोलीत सशाचे कान लावून तरंगतो, तिसऱ्या खोलीत आग फेकतो. शेवटच्या दोन युक्त्या खरं तर मारिओच्याच. भाई तिसऱ्या खोलीपर्यंत तीनदा पोहोचला होता.

1995 च्या जूनमध्ये त्याचा दहावीचा निकाल लागला. उर्दू माध्यमाची शाळा. सगळ्या विषयांत पास, मराठीत नापास. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. गुणपत्रिकेवर बाकीच्या विषयांचे गुण छापलेले होते, बोर्डाने ते काही काढून घेतले नव्हते. काढून घेतले ते आम्ही. अब्बा म्हणाले, सगळं पाण्यात गेलं. शेजारी म्हणाले, आता गल्फच बघा. आणि मी, तेरा वर्षांचा शहाणा, पडवीत सगळ्यांसमोर म्हणालो, "भाई, गेम ओव्हर!"

सगळे हसले. भाईही थोडा हसला. त्यानंतर त्याने गेमबॉय हातात घेतला नाही. ऑक्टोबरचा फॉर्मही भरला नाही. दोन वर्षं खेडला गॅरेजमध्ये काम केलं आणि अठराचा झाल्यावर मामूंनी व्हिसा पाठवला.

नाणं एक राहिलं म्हणून बाकीची पाच काढून घेणं हा खेळाचा नियम होता. माणसांनी तो पाळायची गरज नव्हती. आज दहावीला एक-दोन विषय राहिले तरी मुलाला अकरावीत बसता येतं. तरीही दरवर्षी निकालाच्या दिवशी एखादे पालक माझ्यासमोर मुलाला म्हणतात, सगळं वाया गेलं. मी गुणपत्रिका त्यांच्यापुढे धरतो आणि पास झालेले विषय बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावतो. सहकारी म्हणतात, सर, यात वेळ कशाला घालवता?

माझं डी.एड., बी.ए. आणि नंतरचं बी.एड. भाईच्या पैशांवर झालं. गावातलं घरही त्याच्याच पैशांवर उभं राहिलं. वरची मोठी खोली त्याच्यासाठी बांधली होती. वहिनी आणि मुलं त्याने लवकरच तिकडे नेली, खोली रिकामी राहिली, माझं लग्न झालं आणि आम्ही त्या खोलीत राहायला गेलो. "तो आला की बघू," असं सगळेच म्हणत होते. दर दोन वर्षांनी तो दीड महिना यायचा आणि खाली पडवीलगतच्या खोलीत झोपायचा. या वेळी कायमचा आला, तरी सामान तिथेच ठेवलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

तर त्या दिवशी भाईने गेमबॉयमध्ये नवे सेल घातले. पडद्यावर एक-दोन उभ्या रेघा होत्या, पण यंत्र सुरू झालं. त्याची पहिली जागा रिकामी होती. या कॅसेटमध्ये बटणासारखी एक छोटी बॅटरी असते, ती जिवंत असेपर्यंतच साठवलेला खेळ टिकतो. ती केव्हाच मेली होती. माझी पोरगी त्याच्याजवळ बसली होती. तिने विचारलं, "मोठे अब्बा, ही गोष्ट काय आहे?"

तो सांगायला लागला. "हा मारिओ बाहेर देशी गेलेला असतो. परत येतो तर त्याच्या घरात दुसराच कोणी राहतोय."

त्याच्या मनात काही नव्हतं, ते मला पक्कं माहीत आहे. पण मी दारात उभा होतो, आणि तिथून मला जिन्यावर माझ्या मुलांच्या चपला दिसत होत्या.

रात्री झोप आली नाही. तीस वर्षं मी स्वतःला मारिओ समजत आलो होतो. गरिबीतून शिकलेला, एकेक बॉस पाडत आलेला. त्या गोष्टीत मी दुसराच कोणी होतो.

या मालिकेचा तिसरा भाग 1994 मध्ये आला, तो आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. त्यात खेळणाऱ्याच्या हातात मारिओ नाही, वारिओ येतो. मिशा त्याच, पोट तेच. महाल हातचा गेला म्हणून तो रडत बसत नाही, स्वतःचा महाल घ्यायला स्वतःची नाणी जमवायला निघतो. शेवटी जितका खजिना जमला असेल तसं घर मिळतं, लहान किंवा मोठं.

दुसऱ्या दिवशी मी भाईला म्हणालो, "वरची खोली तुझी आहे. पावसाळा संपला की मी मागच्या अंगणात जोतं घालतो. पतपेढीतून कर्ज मिळेल."

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "घाई काय आहे?"

"आहे," मी म्हणालो. आणि मग त्या जूनच्या दिवशीचं माझं वाक्य त्याला आठवतं का, ते विचारलं.

"आठवतं ना," तो म्हणाला. "बस इथे. आता उंदीर येतोय, तो तुला कधीच जमायचा नाही."

मी बसलो. आम्ही दोघंही ऊन सरकेल तसे सरकत राहिलो.