सिग्नल अकरा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या बिघाडावर लेख लिहावा, हे काहींना विजोड वाटेल. इतिहासाच्या पुस्तकात डोके घालावयाचे सोडून हा पेचकस घेऊन कुठे निघाला, असे आमच्या घरीही विचारले गेलेच. पण गेल्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एका जुन्या यंत्राने मला जे शिकविले, ते आपणा सर्वांच्या कानी घालावे असे मनापासून वाटते.

आपल्या घरचा संगणक दिवसातला बराच काळ रिकामाच बसलेला असतो. तो रिकामा वेळ विज्ञानाला दान करणारी हजारो माणसे जगात आहेत. एखादे अवाढव्य गणित लहान लहान तुकड्यांत फोडावयाचे, ते तुकडे घरोघरच्या संगणकांना वाटावयाचे आणि उत्तरे परत गोळा करावयाची, अशी ही योजना. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाने १९९९ साली सुरू केलेला ‘सेटी ॲट होम’ हा यातला गाजलेला प्रकल्प. त्याने २०२० साली काम वाटणे थांबविले. परंतु तेथेच घडलेल्या ‘बॉइंक’ या आज्ञावलीवर इतर प्रकल्प चालू राहिले. त्यांपैकी ‘आइन्स्टाइन ॲट होम’ २००५ पासून अवकाशातील स्पंदक तारे आणि गुरुत्वीय लहरी शोधीत आहे. शेजारच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. ती बातमी वाचली आणि या कामात आपलाही खारीचा वाटा असावा, असे मला वाटू लागले. आमच्या देऊळगाव राजात बालाजीच्या उत्सवात लाटांचा मंडप उभा राहतो, तो काही एका पैलवानाच्या बळावर नव्हे. दोराला शेकडो हात लागलेले असतात. त्यातलाच हा प्रकार!

माझा संगणक जुनाच विकत घेतलेला. त्यावर लिनक्स बसविली, कारण ती फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्राला पेलते. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे एकूण आठ जीबी स्मृती. पहिले काही दिवस सुखात गेले. मग एके सकाळी पाहतो तो रात्रभर चाललेले काम मध्येच मेलेले! नोंदवहीत एकच ओळ : सिग्नल ११. आज्ञावलीने स्मृतीतल्या भलत्याच जागी हात घातला की लिनक्स तिला जागच्या जागी थांबविते. त्या शिक्षेचा हा क्रमांक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर अख्खा संगणकच गोठून बसला.

संशयित पुष्कळ होते. पहिला संशय उष्णतेवर. पंखा उघडून रंगाच्या ब्रशाने धूळ झाडली, झाकण काढून ठेवले. तापमान उतरले, काम मात्र मरतच राहिले. शिवाय भर थंडीतल्या पहाटेही ते मरत होते, तेव्हा उन्हाला दोष देण्यात अर्थ नव्हता. दुसरा संशय विजेवर. एका मित्राचा यूपीएस आठवडाभर मागून आणला; फरक शून्य. मग आज्ञावली काढून पुन्हा बसविली. तरीही सिग्नल अकरा! आई म्हणाली, “अरे, या डबड्याला रात्रभर एवढं कायचं काम असतं? बिल कोण भरणार?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

रागाच्या भरात मी आज्ञावली लिहिणाऱ्यांनाच मनातल्या मनात बोल लावले. नंतर एकदा प्रकल्पाकडे पाठविलेल्या उत्तरांची यादी नीट वाचू लागलो आणि चपापलो. मेलेल्या कामांच्या शेजारी आणखी एक प्रकार होता. ती कामे मेली नव्हती. पूर्ण होऊन, ऐटीत रवाना झाली होती. त्यांच्यापुढे शेरा होता ‘अमान्य’.

याचा अर्थ असा. हा प्रकल्प कोणा एकाच्या उत्तरावर विसंबत नाही. एकच तुकडा दोन अनोळखी संगणकांना दिला जातो. उत्तरे जुळली तरच ती स्वीकारतात, नाहीतर तिसऱ्याला विचारतात. २०१० साली या प्रकल्पाला पहिला नवा स्पंदक तारा सापडला, तेव्हा अमेरिकेतील आयोवाचे एक दांपत्य आणि जर्मनीतील माइन्झचे एक गृहस्थ यांच्या संगणकांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतील तोच तुकडा वेगवेगळा सोडविला होता. असा कोणी दुसरा साक्षीदार माझ्याही वाट्याला होता. माझा संगणक खोटे बोलत होता, आणि ते त्याच्यामुळे उघडकीस आले.

आता संशय स्मृतीवर गेला. लिनक्स सुरू होण्यापूर्वीच चालविता येणारी ‘मेमटेस्ट’ नावाची एक परीक्षा असते. ती स्मृतीच्या प्रत्येक खणात ठराविक आकडे ठेवते आणि ते तसेच परत मिळतात की नाही, हे पाहते. एके रात्री जेवणानंतर ती लावली. काही वेळाने पडद्यावर लाल ओळी उमटल्या. एक पट्टी काढून दुसरी तपासली, मग पहिली. पहाटेपर्यंत गुन्हेगार सापडला : दोहोंपैकी एका पट्टीतले मोजके खण ठेवलेला आकडा बदलून परत देत होते. त्या खणांत पत्ता पडला तर काम मरे. आकडा पडला तर उत्तर चुके.

ती पट्टी काढून टाकली. उरलेल्या चार जीबीत भागावे म्हणून एका वेळी एकच काम चालविण्याची मर्यादा घातली. त्यानंतर सिग्नल अकरा दिसला नाही आणि ‘अमान्य’ हा शेराही.

मित्रहो, कित्येक आठवडे मी संगणकाच्या बंद पडण्यावर चिडत होतो. आज वाटते, ते बंद पडणे त्याचा प्रामाणिकपणाच होता. निदान त्याने काहीतरी बिघडल्याचे सांगितले. भय होते ते न अडखळता दिलेल्या चुकीच्या उत्तराचे. वर्गात आम्हांला शिकवितात की, एका बखरीवर विसंबू नका, दुसरा पुरावा शोधा. हे वाक्य मी परीक्षेत अनेकदा लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र त्या लाल ओळींसमोर बसून कळला. आपणही किती गोष्टी ऐटीत, पूर्ण झाल्या म्हणून जगाकडे पाठवीत असतो! त्या पडताळून पाहणारा दुसरा कोणी भेटला, तर त्याच्यावर रागावू नये.

ती सदोष पट्टी मी टाकून दिलेली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात, इतिहासाच्या वह्यांवर ठेवली आहे.