खांदेकरी

दिल्लीच्या सरकारी वसाहतीत राहून आम्ही टिपणे लिहिण्यात बरेच तरबेज झालो आहोत. पण गेल्या हिवाळ्यात शेजारचे एक मराठी गृहस्थ वारले, तेव्हा आम्हांस साधी तिरडीही बांधता येत नाही हे उघडे पडले. बांबू आले, सुतळी आली. पुढे काय, हे आम्हां पदवीधरांपैकी एकासही ठाऊक नव्हते. अखेर एक वृद्ध स्नेही आले आणि मुकाट्याने गाठी मारू लागले.

पुढे काही दिवसांनी डेट्रॉइटच्या डिग्ज घराण्याची हकीकत वाचनात आली, आणि ती मनातून जाईना.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना स्वदेशच परमुलूख झाला होता. गोरे अंत्यविधी-व्यावसायिक त्यांच्या मृतांना एक तर नाकारीत, नाही तर हलके लेखीत. म्हणून हा व्यवसाय त्यांनी स्वतःच उभारला. मिसिसिपीतून उत्तरेस आलेल्या थोरल्या चार्ल्स डिग्ज यांनी १९२१ साली 'हाउस ऑफ डिग्ज' स्थापिले. प्रेतास स्नान घालावे, औषधी द्रव्यांनी ते टिकवावे, केस विंचरून चांगला पोशाख चढवावा. जन्मभर ज्याने अवहेलना सोसली त्याला निरोप तरी मानाने मिळे.

शिवाय गिऱ्हाईक आपलेच असल्याने गोऱ्या मालकाची मर्जी राखावी लागत नसे. या मोकळिकीचे मोल आम्हां नोकरदारांस निराळे सांगायला नको. थोरले डिग्ज १९३६ साली मिशिगन राज्याच्या सिनेटवर निवडून आले. धाकटे चार्ल्स, तेही याच व्यवसायातले, १९५४ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचा मिसिसिपीत खून झाला. शिकागोतील रेनर या दुसऱ्या कृष्णवर्णीय घराण्याने त्याचा अंत्यविधी सांभाळला. आईच्या आग्रहाने शवपेटी उघडी राहिली आणि जगाने तो छिन्न चेहरा पाहिला. सप्टेंबरात खटला उभा राहिला, तेव्हा धाकटे डिग्ज वडिलांच्या त्या जन्मप्रांती जाऊन न्यायालयात बसले. बारा गोऱ्या ज्युरींनी तासाभरात आरोपींना सोडून दिले.

धाकट्या डिग्जांची पुढली कहाणी मात्र निष्कलंक नाही. गैरव्यवहाराच्या खटल्यात ते दोषी ठरले आणि १९८० साली त्यांनी प्रतिनिधिगृह सोडले. तुरुंगातून सुटल्यावर मेरीलँडमध्ये त्यांनी पुन्हा घराण्याचाच व्यवसाय धरला. पद गेले, वडिलांकडून आलेली विद्या तेवढी उरली होती.

आता वसाहतीत कोणी गेल्याचा निरोप आला, की आम्ही सुतळीचा गुंडा घेऊनच निघतो. गाठी अजून सैल पडतात.